सॉल्व्हन्सी रेशो १.८ की १.६? त्यामागचं देण्यांचं गणित

प्रश्न असा आला आहे: “माझा आरोग्य विमा ज्या कंपनीकडे आहे तिचा सॉल्व्हन्सी रेशो १.६ आहे, दुसरी एक कंपनी १.८ दाखवते. वडिलांची हमी रकमेची एक पॉलिसी आयुर्विमा कंपनीत आहे. जास्त रेशो म्हणजे जास्त सुरक्षित असं धरायचं का? हा आकडा येतो कुठून? गणित आलं तरी चालेल.” सामान्य विमा कंपन्यांच्या देण्यांचा अंदाज काढणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. रेशो १.५ च्या खाली गेला असेल तर जरूर लक्ष घाला. पण १.६ आणि १.८ मधल्या फरकावरून कंपनी बदलू नका. त्या भागाकारातला सर्वांत मोठा आकडा मोजलेला नसतो, तो अंदाजाने ठरवलेला असतो. त्या अंदाजात थोडी जरी चूक निघाली, तरी हा सगळा फरक पुसला जातो.

सॉल्व्हन्सी रेशो म्हणजे कंपनीच्या देणी फेडण्याच्या क्षमतेचं माप. हिशेब असा. कंपनीच्या मालमत्तेतून देणी वजा केली की उरतं ते उपलब्ध मार्जिन. नियमातल्या सूत्राने ठरतं ते आवश्यक मार्जिन. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की रेशो मिळतो. विमा नियामक आयआरडीएआयची किमान मर्यादा १.५ आहे. समजा मालमत्ता ९०० कोटी, देणी ७२० कोटी, म्हणजे उपलब्ध मार्जिन १८० कोटी. आवश्यक मार्जिन १०० कोटी. रेशो १.८. आता समजा देणी ५ टक्के कमी धरली गेली होती. खरी देणी ७५६ कोटी, मार्जिन १४४, रेशो १.४४. कंपनी किमान मर्यादेच्याही खाली गेली. चूक १० टक्क्यांची असेल तर रेशो १.०८.

मालमत्तेचा बहुतांश भाग सरकारी रोखे आणि चांगल्या कर्जरोख्यांत असतो. त्यांची किंमत रोज कळते. देण्यांना बाजारभाव नसतो, ती कुणीतरी बसून काढावी लागतात. त्यामुळे रेशो समजून घ्यायचा तर देणी कशी काढतात ते पाहावं लागतं.

सामान्य विम्यात देण्यांचे ढोबळ तीन भाग. पहिला, न सरलेल्या मुदतीचा हप्ता. तुम्ही १ जानेवारीला वर्षाचा हप्ता भरला असेल, तर ३१ मार्चला त्यातला सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा अजून कंपनीने कमावलेला नसतो. हा भाग साध्या दिवसांच्या प्रमाणाने निघतो, त्यात वाद नाही. दुसरा, कळवलेले पण अजून न फेडलेले दावे. तिसरा, घडून गेलेले पण कंपनीला अजून न कळलेले दावे. यालाच धंद्यात आयबीएनआर म्हणतात. कळवलेल्या दाव्यांची रक्कम पुढे वाढण्याची शक्यताही यातच धरतात. सगळी कसोटी या तिसऱ्या भागात आहे.

तो काढायची मूळ पद्धत म्हणजे चेन लॅडर. दाव्यांची रक्कम अपघाताचं वर्ष आणि त्यानंतर सरलेली वर्षं अशा दोन बाजूंनी त्रिकोणात मांडतात. समजावण्यापुरते आकडे घेऊ, सगळे कोटींत आणि साचत गेलेल्या रकमेचे. पहिल्या वर्षीच्या अपघातांवर १००, १८०, २४०, २७० असे पैसे दिले गेले आणि तिथे हिशेब मिटला. दुसऱ्या वर्षीच्या अपघातांवर आतापर्यंत ११०, २००, २६५. तिसऱ्या वर्षाचे १३०, २३०. चौथ्याचे फक्त १५०. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना रक्कम किती पट होते? १८०, २०० आणि २३० ची बेरीज ६१०, तिला ३४० ने भागलं, १.७९४. पुढचा गुणक ५०५ भागिले ३८०, म्हणजे १.३२९. शेवटचा २७० भागिले २४०, म्हणजे १.१२५. तिन्हींचा गुणाकार सुमारे २.६८२. म्हणून चौथ्या वर्षाची अंतिम रक्कम १५० गुणिले २.६८२, साधारण ४०२ कोटी. त्यातले १५० दिले गेलेत, २५२ बाकी. तिसऱ्या वर्षाचे सुमारे ११४ आणि दुसऱ्याचे ३३ धरले की एकूण राखीव रक्कम (दुसरा आणि तिसरा भाग मिळून) ३९९ कोटींच्या आसपास येते.

या ३९९ मधले २५२ कोटी एकट्या शेवटच्या १५० वर उभे आहेत, इकडे बारकाईने पाहा. त्या वर्षी दावे विभागाने जोर लावून फायली लवकर निकाली काढल्या असतील आणि त्यामुळे १३० च्या जागी १५० दिले गेले असतील, तर जास्तीचे २० कोटी गुणकातून जाऊन ५४ कोटी होतात. गणित बिनचूक असतं, पण निष्कर्ष चुकतो. यावर उपाय म्हणून १९७२ मध्ये बोर्नह्युटर आणि फर्ग्युसन यांनी मांडलेली पद्धत वापरतात. ताज्या वर्षासाठी आलेल्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवायची नाही. हप्ता आणि अपेक्षित दावा-प्रमाण यांवरून एक अंदाज आधीच बांधायचा आणि फक्त उरलेला हिस्सा त्यातून घ्यायचा. हप्ता ४२० कोटी आणि अपेक्षित प्रमाण ९० टक्के असेल तर एकूण दावे ३७८ कोटी. गुणकानुसार त्यातला ६२.७ टक्के भाग अजून यायचा, म्हणजे २३७ कोटी. चेन लॅडरच्या २५२ पेक्षा १५ ने कमी. यातला कोणता आकडा घ्यायचा हे सूत्र सांगत नाही. दावे विभागात जाऊन विचारावं लागतं, वकिलांशी बोलावं लागतं. माझ्या मते या कामाचा कस तिथेच लागतो.

१९९३ मध्ये थॉमस माक यांनी याच त्रिकोणातून अंदाजाची प्रमाण-त्रुटीही काढता येते हे दाखवलं, आणि त्यासाठी कुठलंही विशिष्ट वितरण गृहीत धरावं लागत नाही. म्हणजे “३९९ कोटी” यासोबत “अधिक-उणे इतके” हेही सांगता येतं. मला मनापासून वाटतं, की रेशोच्या शेजारी ही त्रुटीसुद्धा छापली पाहिजे. तसं झालं तर १.६ आणि १.८ यांची तुलना करण्यात किती अर्थ आहे हे कुणालाही एका नजरेत दिसेल.

हे सगळं प्रत्यक्षात किती महागात पडू शकतं त्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मोटार थर्ड पार्टी पूल. जानेवारी २००७ पासून बहुतेक सामान्य विम्याचे दर खुले झाले, पण थर्ड पार्टीचे दर ठरवून दिलेलेच राहिले. ट्रक, टेम्पो, बस यांच्या थर्ड पार्टी विम्यात तोटा होता आणि कंपन्या तो नाकारायला बघत. म्हणून १ एप्रिल २००७ पासून व्यावसायिक वाहनांचा हा सगळा धंदा एका सामायिक पूलमध्ये टाकला. व्यवस्था जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) होती. तोटा प्रत्येक कंपनीच्या वाट्याला तिच्या एकूण बाजार-हिश्शानुसार येई, तिने स्वतः एकाही ट्रकचा विमा उतरवला नसला तरी.

पूलचे दावे हप्त्याच्या सव्वाशे टक्क्यांच्या आसपास धरून तरतूद चालली होती. मार्च २०११ मध्ये नियामकाने सांगितलं, १५३ टक्के धरा. पुढे ब्रिटनच्या गव्हर्नमेंट ॲक्चुअरीज डिपार्टमेंटकडून तपासणी झाली तेव्हा आकडा आणखी वर गेला, शेवटच्या काळातल्या वर्षांसाठी २०० टक्क्यांच्याही पुढे. म्हणजे १०० रुपये हप्ता घेऊन २०० हून अधिक देणं. एका फटक्यात इतकी तरतूद करावी लागली, की नियामकाला किमान सॉल्व्हन्सीची मर्यादा तात्पुरती १.३ वर आणावी लागली. ३१ मार्च २०१२ ला पूल बंद झाला.

अंदाज इतका का चुकला? एक कारण असं, की १९९४ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्याची मुदतच काढून टाकलेली होती. अपघातानंतर अनेक वर्षांनीही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज येऊ शके, त्यामुळे त्रिकोणाचं शेपूट लांबच लांब. दुसरं कारण न्यायालयीन. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालाने नुकसानभरपाई मोजण्याची रीत आणि त्या भरपाईचे गुणक ठरवून दिले, आणि पूल बंद झाल्यावरही २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भविष्यातल्या उत्पन्नवाढीचा भाग पक्का केला. पीडित कुटुंबांच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पण असा निकाल लागतो तेव्हा तो एका अपघात-वर्षाला लागू होत नाही. त्या दिवशी प्रलंबित असलेल्या सगळ्या वर्षांच्या फायलींना लागू होतो, म्हणजे त्रिकोणात तिरक्या रेघेने धावतो. मागचा प्रवाह पुढे तसाच राहील हे चेन लॅडरचं गृहीतक तिथेच मोडतं.

आता उलट दिशेचं उदाहरण. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट परत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. आता दावे लवकर नोंदले जातात. त्रिकोणाचे जुने गुणक तसेच लावले तर नव्या वर्षांची देणी फुगून दिसतील. आणि फुगलेली दिसतात म्हणून कुणी गुणक जास्तच कापले, तर उलटी चूक होईल. या वर्षांचे रेशो वाचताना हे ध्यानात ठेवा.

भाजकाकडे, म्हणजे आवश्यक मार्जिनकडेही एकदा पाहू. सामान्य विम्यासाठी दोन आकडे काढतात, पुनर्विम्याला मर्यादित श्रेय देऊन. एक हप्त्याच्या २० टक्के, दुसरा दाव्यांच्या ३० टक्के. जो मोठा तो घ्यायचा. सोपं आहे, ऑडिटला बरं आहे, पण यात एक मोठी उणीव आहे. तीच जोखीम कमी दरात विकणाऱ्या कंपनीचा हप्ता कमी, म्हणून तिला भांडवलही कमी लागतं. खरं तर तिला जास्त लागायला हवं. तसंच, देणी कमी दाखवणाऱ्या कंपनीचे दावेही कमी दिसतात, म्हणून ३० टक्क्यांचा आकडाही घटतो. अंश वाढला, भाजक कमी झाला, रेशो दोन्हीकडून सुधारला.

दर कमी ठेवण्याचा धोका किती मोठा आहे हे सांगणारं गणित शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. स्वीडनच्या फिलिप लुंडबर्गने १९०३ मध्ये ते मांडलं, हाराल्ड क्रामेरने १९३० च्या सुमारास पक्कं केलं. कंपनी काही भांडवल घेऊन सुरू होते, हप्ते संथपणे येत राहतात, दावे अधूनमधून आणि लहानमोठे येतात. शिल्लक कधीतरी शून्याखाली जाण्याची संभाव्यता किती? दाव्यांचं वितरण घातांकी धरलं तर नेमकं सूत्र मिळतं. भांडवल सरासरी दाव्याच्या २० पट आणि हप्त्यात अपेक्षित दाव्यांच्या वर २० टक्के जादा भार असेल तर बुडण्याची संभाव्यता सुमारे ३ टक्के. भांडवल तेच ठेवून भार १० टक्क्यांवर आणला, तर ती जवळजवळ १५ टक्के होते. भांडवलाला हातही न लावता धोका पाचपट. म्हणून मी कुठल्याही कंपनीचा रेशो बघण्याआधी तिचं कंबाइंड रेशो बघतो. दावे, खर्च आणि कमिशन मिळून हप्त्याच्या ११५ टक्के वर्षानुवर्षे जात असतील, तर आजचा १.८ हे गेल्या वर्षी आणलेलं भांडवल आहे, जे खर्च होत चाललं आहे.

लुंडबर्गच्या सूत्रालाही मर्यादा आहे. मोठ्या दाव्यांचं शेपूट जड असेल, म्हणजे पूर, भूकंप, मोठी आग यांसारखे क्वचित पण प्रचंड दावे येत असतील, तर ते घातांकी सूत्र लागूच पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मोटारी, दुकानं, गोदामं, कारखाने यांचे दावे एकाच वेळी आले. एरवी ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे विम्याचे प्रकार त्या दिवशी एकत्र बुडाले.

युरोपातली सॉल्व्हन्सी टू ही व्यवस्था १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, ती हे परस्परसंबंध हिशेबात घेते. प्रत्येक जोखमीसाठी असा फटका काढायचा जो २०० वर्षांत एकदा बसेल. मग सगळे फटके परस्परसंबंधाच्या सूत्राने एकत्र करायचे. १०० आणि ६० कोटींचे दोन फटके ०.२५ सहसंबंधाने जोडले तर एकत्रित गरज सुमारे १२९ कोटी येते. सहसंबंध ०.७५ झाला तर १५०. देण्यांमध्ये सर्वोत्तम अंदाजाच्या वर जोखीम-भारही वेगळा धरावा लागतो. आपल्याकडेही आयआरडीएआयने जोखीमाधारित भांडवलाच्या दिशेने काम सुरू केलं आहे, आणि ते व्हायलाच हवं. पण वीस वर्षांच्या नोंदींवरून दोनशे वर्षांतला एक फटका काढताना अंदाजाचा वाटा मोठाच राहणार.

आता वडिलांच्या पॉलिसीकडे. आयुर्विम्यात दावे कधी येतील हे मृत्युदर-तक्त्यावरून बऱ्यापैकी कळतं. आपल्याकडे त्यासाठी विमाधारकांच्या अनुभवावर आधारलेला २०१२–१४ चा भारतीय तक्ता आहे. खरा धोका व्याजदराचा. २० वर्षांनी १ लाख रुपये देण्याची हमी असेल, तर ६ टक्के दराने आज ३१,१८० रुपये बाजूला ठेवावे लागतात. दर ५ टक्के झाला तर ३७,६८९. एका टक्क्याने देणी जवळपास २१ टक्के वाढली. मुदत ३० वर्षांची असेल तर वाढ ३३ टक्के. जपानमध्ये १९८० च्या दशकात ५ टक्क्यांपुढचे हमी दर विकले गेले, मग व्याजदर कोसळले, आणि १९९७ मधल्या निस्सान म्युच्युअलपासून २००१ पर्यंत सात आयुर्विमा कंपन्या बुडाल्या. त्यांचा मृत्युदराचा अंदाज चुकला नव्हता. ब्रिटनची इक्विटेबल लाइफ ही १७६२ मध्ये स्थापन झालेली सोसायटी. पेन्शनच्या जुन्या हमी दरांवरचा खटला ती जुलै २००० मध्ये हरली आणि त्याच डिसेंबरात तिने नवा धंदा बंद केला.

आपल्याकडे नियम सावध आहेत. देणी काढताना मृत्युदर, व्याजदर, खर्च यांतल्या प्रत्येक गृहीतकात प्रतिकूल बाजूने मार्जिन घालावं लागतं. एखाद्या पॉलिसीची राखीव रक्कम ऋण आली तर ती शून्य धरतात, म्हणजे एका पॉलिसीच्या भावी नफ्याने दुसरीची देणी झाकता येत नाहीत. सरेंडर मूल्याची हमी असेल तर राखीव रक्कम त्याखाली जाऊ देत नाहीत. या सावधपणामुळे आयुर्विम्यातला २ आणि सामान्य विम्यातला २ हे एकाच मापाचे आकडे नाहीत, त्यांची तुलना करू नका. वडिलांच्या कंपनीबाबत पाहायचं ते हे: हमीच्या पॉलिसींचा वाटा किती झपाट्याने वाढतोय, आणि तेवढ्याच लांब मुदतीचे रोखे किंवा पुढच्या खरेदीचा दर आज बांधून घेणारे करार कंपनीकडे आहेत का. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पहिल्यांदा ५० वर्षांचे रोखे काढले, ते मुख्यतः विमा कंपन्यांच्या याच गरजेसाठी. धास्तीपोटी पॉलिसी सरेंडर करू नका. त्यात होणारा तोटा निश्चित असतो, कंपनी बुडण्याची भीती मात्र बहुधा काल्पनिक.

तुमच्या आरोग्य विम्याचं उत्तर तुलनेने सोपं आहे. आरोग्य दावे काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत मिटतात, शेपूट आखूड. त्यामुळे कंपनी फक्त आरोग्य विमा करत असेल तर देण्यांच्या अंदाजात मोठी चूक लपून राहत नाही, तिथे लक्ष ठेवायचं ते दरांवर आणि कंबाइंड रेशोवर. कंपनी मोटार थर्ड पार्टीही मोठ्या प्रमाणात करत असेल, तर मागच्या वर्षांच्या राखीव रकमा पुढे पुरल्या की वाढवाव्या लागल्या हे बघा. काही कंपन्या आपले त्रिकोण दरवर्षी प्रसिद्ध करतात. दोन-तीन वर्षांचे त्रिकोण शेजारी ठेवले, की आधीचा अंतिम अंदाज वर सरकत गेलाय की खाली, हे तासाभरात समजतं. सतत वर सरकत असेल तर तो १.८ माझ्या लेखी १.६ पेक्षा कमकुवत. उपलब्ध मार्जिनमध्ये भागधारकांचं भांडवल किती आणि उसनवारीचे दुय्यम कर्जरोखे किती, हेही तपासा. आणि एकच तिमाही पाहू नका, आठ-दहा तिमाहींची दिशा पाहा.

सरकारी मालकीचं प्रकरण वेगळं. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन कंपन्यांचा रेशो कित्येक वर्षं १.५ च्या बराच खाली आहे. २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत केंद्र सरकारने त्यांच्यात मिळून १७,४५० कोटी रुपये घातले. दावे दिले जात राहिले, कारण मागे सरकार उभं होतं. खासगी कंपनीच्या मागे तसं कुणी नसतं. तिथे रेशो घसरला की नियामक नवा धंदा थांबवतो, आणि गरज पडली तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे सोपवतो.

तेव्हा पोर्ट करायचंच असेल, म्हणजे आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यायचाच असेल, तर रुग्णालयांचं जाळं, दावे नाकारण्याचं प्रमाण आणि हप्तावाढीचा इतिहास पाहून करा. सरलेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता सोबत येतो, पण नवी कंपनी तुमची तब्येत पाहून अर्ज नाकारूही शकते. तिचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.